घरचं तंत्र : कॉम्प्युटर अचानक बंद पडतो तेव्हा



उन्हाळा तापायला लागला की माझ्याकडे एक ठरलेला प्रश्न यायला लागतो. "कॉम्प्युटर चालता चालता बंद पडतो, काय झालं असेल?" विचारणारे बहुतेक तुमच्या वयाचे असतात, पण कॉम्प्युटर त्यांचा नसतो. तो आजोबांचा असतो, आत्याचा असतो, नाहीतर बाबांच्या दुकानातला हिशेबाचा असतो. तुमचं सगळं फोनवर आणि लॅपटॉपवर चालतं. टेबलाखालचा तो मोठा डबा घरातल्या थोरांचा. पण तो रुसला की "जरा बघ रे" ही हाक मात्र तुम्हालाच.

म्हणून आजचा लेख तुमच्यासाठी. हे पेचकस घेण्याआधी वाचा. कारण अशा वेळी पहिला प्रश्न "काय बिघडलं?" हा नसतोच. पहिला प्रश्न असतो, "कधी बंद पडतो आणि कसा बंद पडतो?" याचं उत्तर नीट मिळालं तर अर्धं काम तिथेच होतं. ते न मिळवता दुकानात नेलं, तर तिथे तासभर तो व्यवस्थित चालतो आणि मग कुणीतरी अंदाजाने सांगतं, "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या."

सगळ्यात आधी, आतलं बाहेर काढा

शोध लावायची घाई असली तरी पहिलं काम हेच. बंद पडणारा कॉम्प्युटर उद्या चालू होईलच, असं कुणी सांगू शकत नाही. शिवाय वीज गेल्यासारखा तो बंद पडतो तेव्हा नेमकी जी फाइल लिहिली जात असेल, ती खराब होऊ शकते. वारंवार झालं तर हार्ड डिस्कलाही ते मानवत नाही.

बाहेरची हार्ड डिस्क लावा आणि जे परत मिळणार नाही ते आधी उतरवा. फोटो, स्कॅन केलेले कागद, लिहिलेल्या फाइली, हिशेब. सिनेमे आणि गाणी शेवटी. एकदम सगळं ओढू नका, एकेक फोल्डर घ्या, म्हणजे मध्येच बंद पडला तरी कुठपर्यंत आलो ते कळतं. दहा मिनिटंही टिकत नसेल, तर हार्ड डिस्क काढून साटा ते यूएसबी जोडणीने लॅपटॉपला लावा. ही वायर स्वस्त मिळते आणि घरात असावीच.

बंद पडण्याचे तीन प्रकार

आता बघा, तो जातो कसा.

पहिला प्रकार : खटकन अंधार. कुणी प्लग उपटावा तसा. काही संदेश नाही, काही नाही. इथे संशय विजेवर किंवा उष्णतेवर. म्हणजे सॉकेट, एक्स्टेन्शन, यूपीएस, कॅबिनेटमधला वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो, किंवा तापलेला प्रोसेसर.

दुसरा प्रकार : निळा पडदा दिसतो, किंवा क्षणभर काहीतरी चमकून कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू होतो. इथे संशय रॅम, ड्रायव्हर, हार्ड डिस्क यांच्यावर. निळा पडदा वाचायच्या आत जात असेल तर सिस्टिमच्या 'ॲडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' समोरची खूण काढून टाका. मग पडदा थांबून राहतो आणि त्यावरचा मजकूर फोनने टिपता येतो.

तिसरा प्रकार : 'शटिंग डाउन' अशी अक्षरं दाखवून शिस्तीत बंद होतो. याला बिघाड म्हणूच नका, कुणीतरी हुकूम दिलेला आहे. विंडोजचं अपडेट, एखादा टायमर, यूपीएससोबत आलेला प्रोग्रॅम, नाहीतर पॉवरच्या बटणाला लागणारा पाय. आणखी एक गंमत म्हणजे कित्येकदा तो बंद झालेलाच नसतो, नुसता झोपलेला असतो. बटण दाबल्यावर आधीच्याच खिडक्या जशाच्या तशा दिसल्या तर स्लीपची वेळ वाढवा आणि चहा घ्या.

विंडोज स्वतःही नोंद ठेवतं. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, 'विंडोज लॉग्स'मध्ये 'सिस्टिम' बघा. ६००८ क्रमांकाची नोंद सांगते की मागच्या वेळी अचानक बंद झाला, आणि कधी ते. १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर कोणत्या प्रोग्रॅमने बंद करायला सांगितलं ते नाव त्यात असतं. ४१ क्रमांकाची 'कर्नल पॉवर' नावाची लाल नोंद बघून मात्र घाबरू नका. तिचा अर्थ एवढाच की कॉम्प्युटर नीट निरोप न घेता गेला. का गेला, ते ती सांगत नाही.

मामांच्या कालनिर्णयावरच्या खुणा

नोंद ठेवण्याचा उपयोग काय, ते माझ्या मोठ्या मामांच्या उदाहरणाने सांगते. मामा बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरात राहतात. वय ऐंशीच्या पुढे. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या आजोळचा कुलवृत्तांत लिहायला घेतला. पणजोबांची संस्थानी नोकरीतली पत्रं, मोडीतले घरखर्चाचे कागद, लग्नाच्या याद्या, सगळं एकेक करून स्कॅन केलं आणि त्याच्याखाली बाळबोधीत टाइप केलं. अकरा वर्षांचं काम. सगळं एकाच डेस्कटॉपमध्ये, दुसरी प्रत कुठेही नाही.

एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. "अगं, हा कॉम्प्युटर मला न विचारता बंद होतो. परवा तर दोन संध्याकाळचं टाइप केलेलं गेलं. दुकानवाला म्हणतो, मदरबोर्ड गेला, यातलं काही मिळेल असं धरू नका." आवाज नेहमीचाच होता, पण शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

मी गेले त्या दिवशी फक्त प्रत काढली. एक बाहेरच्या डिस्कवर, आणि तीच पुढे पुण्याला मामेभावाकडे. ते झाल्यावर मामांचा चेहरा सैल झाला. मग त्यांना एक काम दिलं. "मामा, आता दुरुस्ती नको. आठ-दहा दिवस फक्त लिहून ठेवा. किती वाजता बंद पडला, तुम्ही काय करत होता, पंखा-दिवे चालू होते का, आणि किती वेळाने पुन्हा चालू झाला."

मामांनी कालनिर्णयाच्या चौकोनांत बारीक अक्षरांत सगळं टिपलं. नऊ दिवसांत सात नोंदी. पाच नोंदी सकाळी साडेसहा ते सातमधल्या. खोलीतले दिवे चालूच, पण कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही एकदम गेले. आणि प्रत्येक वेळी एक शब्द होता : "टिक."

ही टिक यूपीएसची होती. सकाळी साडेसहाला खाली पाण्याची मोटर लागते. मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. जुन्या वायरिंगमध्ये तेवढ्यात व्होल्टेज खाली येतं. दिवा जरासा मंदावतो, ते आपल्याला कळतही नाही. पण यूपीएसला कळतं. तो टिक करून बॅटरीवर जातो. मामांच्या यूपीएसची बॅटरी पाच वर्षांची, केव्हाच मेलेली. म्हणजे जो डबा कॉम्प्युटरला वाचवायला ठेवला होता, तोच रोज सकाळी त्याचा प्राण घेत होता. तो नसता तर कदाचित कॉम्प्युटरने एवढा छोटा झोका सहन केला असता.

यूपीएसची परीक्षा सोपी आहे. कॉम्प्युटर बंद करून त्याचा प्लग काढा. त्याच्या जागी टेबललॅम्प लावा, तोही जुन्या ६० किंवा १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचा. ९ वॅटचा एलईडी नको, कारण तेवढं ओझं अर्धमेली बॅटरीही पेलते आणि आपली फसगत होते. आता यूपीएसचा भिंतीवरचा स्विच बंद करा. बल्ब पाच मिनिटं टिकला तर ठीक. लगेच विझला तर बॅटरी बदला. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. साधारण तीन वर्षं चांगली जाते, उष्ण गावात त्याहून कमी. यूपीएस नवा घ्यायची गरज नसते.

मामांची बॅटरी बदलली. सकाळचा त्रास संपला. दुकानवाल्याच्या मदरबोर्डला धक्काही लागला नाही.

न जुळलेल्या दोन नोंदी

इथे गोष्ट संपवणं सोपं होतं. पण सातातल्या दोन नोंदी सकाळच्या नव्हत्या. त्या दुपारी तीनच्या सुमाराच्या होत्या, मोटर बंद, टिक नाही. मामांनी पुढे लिहिलं होतं : "स्कॅनिंग चालू. पुन्हा लावला, दोन मिनिटांत परत गेला. चारनंतर ठीक."

मंडळी, जी नोंद आपल्या उत्तरात बसत नाही, ती सोडून देऊ नका. तिथे दुसरा बिघाड दडलेला असतो.

'पुन्हा लावला तर लगेच जातो, अर्धा तास थांबलं तर चालतो' ही उष्णतेची सही आहे. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. बहुतेक प्रोसेसरची मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तरीही तापमान चढत राहिलं तर तो जळण्याआधी वीज तोडली जाते. म्हणजे हे बंद पडणं हा दोष नाही, तो बचाव आहे.

तापमान बघायला एचडब्ल्यूमॉनिटर किंवा कोअर टेम्पसारखा मोफत प्रोग्रॅम पुरतो. नुसता बसलेला असताना ३५ ते ५० अंश आणि भरपूर काम करताना ७० ते ८० अंश असेल तर काळजी नको. मामांचा कॉम्प्युटर स्कॅन करायला लागल्यावर दहा मिनिटांत ९६ अंशांवर गेला. कॅबिनेट टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यात होतं, "धूळ लागू नये म्हणून" दार बंद. बाहेर ४२ अंशांचा मे महिना. आतला पंखा फिरत होता, पण त्याच्याखालच्या जाळीवर धुळीची गादी बसली होती.

साफ करायची पद्धत अशी. कॉम्प्युटर बंद, प्लग भिंतीतून काढलेला. मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते. गॅलरीत न्या. मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरा, घरातला व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं.

कॉम्प्युटर पाच-सहा वर्षांहून जुना असेल तर प्रोसेसर आणि वरच्या धातूच्या ठोकळ्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली असते. ठोकळा काढून जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवीन पेस्ट वाटाण्याएवढीच लावा. श्रीखंडासारखी थापू नका. हात कापत असतील तर हे काम मेकॅनिककडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

मामांचं कॅबिनेट कप्प्यातून बाहेर आलं, साफ झालं, पेस्ट बदलली. त्याच दुपारी, तेच स्कॅनिंग, ७१ अंश. त्यानंतर तो बंद पडलेला नाही.

बाकीचे संशयित

तुमच्या घरी चित्र वेगळं असेल. म्हणून बाकीच्यांची ओळख थोडक्यात.

एसएमपीएस : भाच्याने गेमसाठी ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि गेम सुरू झाला की कॉम्प्युटर गप. तापमान बघितलं तर ६५ अंशांच्या आतच. काम वाढल्यावर जातो पण तापलेला नाही, म्हणजे संशय वीजपुरवठ्यावर. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस स्टिकरवर ४५० वॅट लिहितो, तेवढे देतोच असं नाही. बायोसमध्ये १२ व्होल्टचा आकडा ११.४ ते १२.६ मध्ये असायला हवा. खात्री करायला कुणाचा तरी चांगला एसएमपीएस दोन दिवस उसना लावून बघा. पण तो डबा स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतकी वीज राहते.

रॅम : निळे पडदे, आणि तेही दर वेळी वेगळ्या संदेशाचे. 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवा. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. पट्टी काढून तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसून परत बसवणं हा आपल्याकडचा जुना उपाय, आणि तो बरेचदा लागू पडतो.

पॉवरचं बटण : चालू केल्यावर चार-पाच सेकंदांत बंद होत असेल तर बटण अडकलंय का बघा. बटण चार सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर सक्तीने बंद होतो, अडकलेलं बटण तेच करतं.

मदरबोर्ड : कपॅसिटर म्हणजे त्यावरच्या छोट्या उभ्या डब्या. त्यांचं डोकं फुगलेलं किंवा वरून तपकिरी रस आलेला दिसला तर मात्र दुकानवाला बरोबर आहे.

सॉकेट आणि अर्थिंग : जुन्या वाड्यांत हे हमखास. प्लग सैल, एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडलेलं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. इथे कॉम्प्युटरचा नाही, माणसाचा प्रश्न आहे. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

आणि एक परीक्षा, जिच्यात काहीच खर्च नाही. कॉम्प्युटर चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जा आणि तसाच अर्धा-पाऊण तास सोडून द्या. तिथेही बंद पडला तर विंडोज निर्दोष. दोष वीज, उष्णता नाहीतर यंत्राचा. म्हणजे विंडोज पुन्हा टाकण्याचे पैसे आणि दिवस दोन्ही वाचले.

एक नियम मात्र पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन दिवस थांबा. सगळं एकदम बदललं आणि ठीक झालं, तर कशाने झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत शून्यापासून सुरुवात.

दुकानात न्यायची वेळ आली तर

काही बिघाड घरी निघत नाहीत, तिथे माणूस लागतोच. पण जाताना हात हलवत जाऊ नका. एका कागदावर लिहा : तीन प्रकारांपैकी कसा बंद पडतो, कधी, बंद पडताना तापमान किती, यूपीएसशिवाय थेट सॉकेटवर लावून काय झालं, बायोसमध्ये टिकला का. असा कागद समोर आला की चांगला मेकॅनिक खूश होतो आणि दुसरा सावध होतो. घरचे खाजगी कागद असतील तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवा, वीज आणि उष्णतेची तपासणी तिच्याशिवायही होते.

कधी निरोप द्यायचा, हेही सांगते. मदरबोर्ड खरंच गेला असेल आणि कॉम्प्युटर दहा वर्षांचा असेल तर खर्च करू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे त्याच्यावरच राहिलेल्या जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार टाळावेत. पण लिहायला, स्कॅन करायला, जुने फोटो बघायला असं यंत्र अजून कित्येक वर्षं चालतं. ज्यांचा हात त्या एका कीबोर्डवर बसलाय, त्यांना ते हवंच असतं.

या रविवारी तुमच्या घरातल्या थोरांच्या कॉम्प्युटरसाठी एक तास काढा. तो बिघडलेला नसला तरी चालेल. बल्ब लावून यूपीएस तपासा, जाळीवरची धूळ काढा आणि त्यांना विचारा, "यातलं कोणतं गेलं तर चालणार नाही?" ते जे फोल्डर दाखवतील, त्याची प्रत त्यांच्यासमोर काढा. बहुतेकांना हे आजवर कुणी विचारलेलंच नसतं, आणि तासाभराचं काम दोन तास चालतं, कारण एकेका फोटोमागची गोष्ट ऐकावी लागते.

पुढच्या महिन्यात बघू, घरातले जुने, पिवळे पडलेले कागद न फाडता स्कॅन कसे करायचे आणि त्या फाइलींना नावं कशी द्यायची. तोपर्यंत प्रती काढत राहा.